खटक्यावरचा ग्लास

२७ मार्चला दुपारी मावशीने ठेकेदाराच्या माणसासमोर सही करून पाच हजार नऊशे चाळीस रुपये घेतले, दोनदा मोजले, रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवले आणि ती पुन्हा सिग्नलच्या केबिनवर कामाला लागली. त्याच संध्याकाळी स्टेशनात शिरणारी पॅसेंजर उभ्या असलेल्या खडीच्या गाडीवर जाऊन आदळली. नऊ माणसं गेली.

मावशी म्हणजे केबिनवर झाडू मारणारी, पाणी भरणारी आणि चहा करणारी बाई. नवरा गेला तेव्हा पोरगा शाळेत होता. तिच्या मोठ्या भावाने, दादाने, ठेकेदाराला गळ घालून तिला या कामावर लावलं. दादा स्वतः त्या केबिनवर खटके ओढणारा, जुना माणूस. ड्युटीवर असताना तोही तिला मावशीच म्हणायचा. "इथे नातं चालत नाही. इथे सगळे सरकारी," असं म्हणून वर हसायचा. आता पोरगा ट्रक चालवत गावोगाव फिरत असे आणि मावशी सुनेबरोबर राहत असे. सुनेची जीभ तिखट होती, पण सासूवर माया होती.

केबिन म्हणजे जिना चढून गेल्यावर चारी बाजूंनी काचा असलेली एक खोली. मधोमध छातीइतक्या उंचीच्या लोखंडी दांड्यांची रांग. हे खटके. खटका ओढला की तारेच्या जोरावर लांबचा सिग्नल पडतो आणि गाडी आत येते. केबिन जुनी होती. कुठल्या रुळावर गाडी उभी आहे हे दाखवणारे दिवे तिथे नव्हते. जे दिसेल ते डोळ्यांनी बघायचं. आणि दोन नंबरचा रूळ नेमका गोदामामागे वळला होता, तिथे उभी असलेली गाडी वरून दिसतच नसे.

म्हणून नियम असा होता की त्या रुळावर गाडी उभी केली की त्याच्या सिग्नलच्या खटक्यावर लाल रंगाचं लोखंडी कडं अडकवायचं. कडं दिसलं की हात आवरायचा. पण ते कडं होतं जड आणि हट्टी. घालताना नीट बसायचं नाही आणि काढताना बोटं सोलून काढायचं. कधी काळी कोणीतरी वैतागून कडं खिळ्याला टांगलं आणि आपला चहाचा स्टीलचा ग्लास खटक्यावर उपडा घातला. तीच पुढे रीत झाली. साहेब येणार असा सुगावा लागला की ग्लास फळीवर जायचे आणि कडं खटक्यावर यायचं. साहेब गेला की सगळं जागच्या जागी.

ज्याचा त्याचा ग्लास ठरलेला. गोंधळ नको म्हणून मावशीनेच सुनेच्या नखांच्या रंगाने ग्लासांच्या बुडाला ठिपके दिले होते. दादाचा लाल. चष्मेवाल्याचा गुलाबी.

चष्मेवाला हा केबिनवरचा सगळ्यात तरुण माणूस. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. गुलाबी ठिपक्यावरून सगळे त्याची टर उडवत आणि तोही हसण्यावारी नेई. पहिल्याच आठवड्यात त्याने मावशीला सांगितलं होतं, "मावशी, खटक्यावरचा ग्लास म्हणजे नुकतंच झोपलेलं पोर समजा. फडकं मारायचं ते लांबून. उठवायचं नाही."

मावशीने कधीच उठवलं नव्हतं. फक्त पाळी बदलताना ग्लास निघत असे. जाणारा आपला ग्लास काढून मावशीच्या हातात देई, येणारा त्याच क्षणी आपला घाली, आणि मावशी काढलेला ग्लास विसळायला खाली नळावर नेई. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी केबिनवाल्यांचाही पगार होता. पगाराची खिडकी स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ती वेळेवर बंद करण्यात तिथल्या कारकुनाचा हात कोणी धरू शकत नसे. खिडकी चुकली की पगार गेला पुढच्या आठवड्यावर. दादाने खडीची गाडी दोन नंबरवर घेतली, खटक्यावर लाल ठिपक्याचा ग्लास घातला, वहीत नोंद केली आणि घड्याळाकडे बघत बसला. रूळ ओलांडून येणारा चष्मेवाला काचेतून दिसताच तो उठला.

"आला बघ तो. मी सटकतो, नाहीतर तो कारकून खिडकी माझ्या नाकावर आपटेल."

आणि धडाधडा जिना उतरून गेलासुद्धा.

मावशी काचा पुसत होती. वळून बघते तर दादाचा ग्लास खटक्यावर तसाच. घाईत विसरला, असं तिला वाटलं. दादा गेला म्हणजे दादाचा ग्लास निघाला पाहिजे, चष्मेवाला आला म्हणजे तो आपला घालेल. तिने तो उचलला, फळीवरचे दोन उष्टे ग्लास त्याच्यात खुपसले आणि ती खाली निघाली. जिन्यात चष्मेवाला भेटला.

"काय मावशी, पगार झाला म्हणे? आज बिस्किटं तुमच्याकडून."

"आधी तुझ्या पगारातली आण, मग बोल."

तो हसत वर गेला. पिशवी खुंटीला अडकवली. वहीत दादाच्या नोंदीखाली, सगळे करत तशी, न वाचता सही केली. खटक्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. एकाही खटक्यावर ग्लास नव्हता. तेवढ्यात फोन वाजला, पॅसेंजर येत होती. दोन नंबर मोकळा असला की ती तिथेच घेत. त्याने खटका ओढला.

मावशी नळावर होती. तो आवाज तिला आधी कानांनी कळलाच नाही, पायांखालच्या जमिनीने सांगितला. बादलीतलं पाणी थरथरलं. मग आवाज आला, आणि तो संपेना. मग एकदम सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत कोणीतरी बाई किंचाळली. मावशीच्या हातात लाल ठिपक्याचा ग्लास होता. धूळ गोदामावरून वर चढताना ती बघत राहिली. आपण काय केलं हे तिला त्याच वेळी कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही.

तिने ग्लास विसळला, वर नेऊन फळीवर ठेवला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. समोरून माणसं धावत होती, स्ट्रेचर म्हणून दारं उखडून नेत होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी खाली नळावर होते. मी काही पाहिलं नाही." यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यामुळे तर तिला जास्तच धडकी भरली.

चष्मेवाल्याला धरून नेलं. वहीत नोंद होती, नोंदीखाली त्याची सही होती, आणि खटका त्याने ओढला होता. आणखी काय हवं? तो एकच घोकत राहिला की खटक्यावर ग्लास नव्हता.

"कसला ग्लास?" चौकशीवाल्यांनी विचारलं.

केबिनवरच्या बाकीच्यांना एकेक करून बोलावलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "ग्लास? चहाचे ग्लास फळीवर असतात साहेब. खटक्यावर कडं घालतो आम्ही. नियमच आहे तसा." नियम मोडल्याचं कबूल करून कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार? बाजारात ही गोष्ट पोहोचेपर्यंत तिला पाय फुटले होते. केबिनवाला सारखा ग्लास ग्लास करतोय म्हणजे घेऊनच बसला असणार, असं लोक म्हणू लागले. जो माणूस बिस्किटाच्या पुड्यावर खूश व्हायचा, तो आठवडाभरात दारुडा ठरला.

मावशीचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. दारावर टकटक झाली की ती हातातलं काम टाकून उठायची. दूधवाला असला तरी ती आधी फटीतून बघायची. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की ती जवळच्या दुकानात शिरून भाव विचारत उभी राहायची, मग ते दुकान सायकलींचं का असेना. दवाखान्याचा रस्ता तिने सोडला. एकदा भाजीवाल्याकडे हात गळ्यात बांधलेली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. तिने नुसतं "जरा सरकता का?" म्हटलं, आणि मावशी निवडलेली भाजी तिथेच टाकून घरी आली.

घरातही सुटका नव्हती. ओट्यावर निथळायला उपडी घातलेली भांडी तिला बघवेनात. सून धुऊन ठेवी आणि ही मागून जाऊन एकेक ग्लास सरळ करी.

"आई, हे काय चाललंय?" सून म्हणाली. "पाणी निथळायचं कसं? का ग्लासात डास पाळायचेत?"

"राहू दे गं तसेच."

"हो का? उद्यापासून कुकरही डोक्यावर उभा करते, तुम्हाला बरं वाटत असेल तर."

मावशीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी बघून सुनेने तिला प्यायला पाणी आणून दिलं.

एका दुपारी दादा आला. आल्या आल्या त्याने दार आतून लावून घेतलं. सून शिवणकामाच्या वर्गाला गेली होती. दादाची दाढी वाढली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिला म्हातारा दिसला.

"एक विचारतो, खरं सांग. ग्लास तू काढलास?"

"हो."

तो मटकन खाली बसला.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. कळलं? तू तोंड उघडलंस की आधी तू आत जाशील. मग विचारतील, हिचा भाऊ कुठे होता. मी खिडकीवर रांगेत उभा होतो, चाळीस माणसांनी पाहिलंय मला. आठ महिने राहिलेत माझे. पेन्शन जाईल, घर जाईल. तुझ्या वहिनीला काय सांगू?"

"आणि त्या पोराचं काय?"

"त्याने सही केलीय. वाचून करायची होती."

"तू कधी वाचून केलीस, दादा?"

दादा उठला. जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी शाळेत सोडताना ठेवायचा तसा. धमकीपेक्षा त्या हातानेच मावशीचं काळीज चरकलं. या माणसाने तिला उभं केलं होतं, आणि तोच आता तिच्याकडे अभय मागत होता.

दोन दिवसांनी चष्मेवाल्याची बायको आली. मावशी तिला ओळखत होती, डबा द्यायला केबिनवर यायची. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"मावशी, जास्त वेळ घेत नाही. एकच सांगा. ते खटक्यावर ग्लास घालायचे ना? का माझ्या नवऱ्याचं डोकं फिरलंय? भेटायला गेले की तेच सांगतात. सगळे म्हणतात असं काही नव्हतंच. आता मलाही वाटायला लागलंय की हे बरळतायत. वकील म्हणतो, वेडा ठरवला तर शिक्षा कमी होईल. तसं करू का?"

सांगायला एक शब्द पुरला असता.

"मला काही ठाऊक नाही गं," ती म्हणाली. "मी आपली झाडू मारणारी बाई."

ती पोरगी मान हलवून गेली. मावशीने दार लावलं आणि दाराला पाठ लावून ती तिथेच खाली बसली. आजवर तिला भीती होती ती पकडलं जाण्याची. आता दुसरीच भीती तिच्या मानगुटीवर बसली, की आपल्याला कधीच कोणी पकडणार नाही, आणि हे असंच मरेपर्यंत चालेल.

मग निरोप आला. वरचे चौकशी अधिकारी स्वतः केबिन बघायला येणार होते. कामावरच्या सगळ्यांनी हजर राहायचं, मावशीनेही.

त्या सकाळी तिने सुनेला सगळं सांगितलं. सुनेने पोळपाट बाजूला सारला आणि ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरं बोललात तर काय होईल?"

"काम जाईल. कदाचित आतही टाकतील."

"आणि नाही बोललात तर?"

"काहीच होणार नाही."

"म्हणजे मी जन्मभर तुमच्यामागे भांडी उपडी घालत फिरायचं," सून म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. तीही घाबरली होती. "ग्लास मी काढला, एवढंच सांगा. मामांचं नाव काढू नका. स्वतःपुरतं बोला न् मोकळ्या व्हा."

मावशीला ते पटलं. स्वतःपुरतं बोलायचं. बसमध्ये ती तेच मनाशी घोळवत राहिली. ग्लास मी काढला. ग्लास मी काढला.

ती केबिनचा जिना चढून गेली. वर सगळे भिंतीला लागून उभे होते, दादाही. चष्मेवाल्याला दोन पोलिसांमध्ये उभं केलं होतं. त्याचा चष्मा नवा होता, आणि तो त्याला सैल होत होता. अधिकारी वयस्कर होते. सर्दीने बेजार झालेले, सारखं नाकाला रुमाल लावत होते. त्यांनी खिळ्यावरचं लाल कडं काढून उलटसुलट बघितलं, खटक्यावर घालायला गेले आणि त्यांचं बोट चिमटलं.

"रोज हेच वापरता?" बोट झटकत त्यांनी विचारलं.

"होय साहेब," भिंतीकडून तीन-चार आवाज आले.

"मग तुमचे हात फार चांगले राहिलेत."

अधिकाऱ्यांनी फळीकडे बघितलं. ग्लास ओळीने मांडलेले होते.

"हा म्हणतो ते ग्लास हेच का? मावशी, हे तुम्ही धुता ना?"

"हो."

"यातला एखादा खटक्यावर घातलेला तुम्ही कधी पाहिलात?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. दादा काचेबाहेर बघत होता. मावशी फळीकडे गेली. लाल ठिपक्याचा ग्लास उचलला आणि दोन नंबरच्या खटक्यावर उपडा घातला. तिचा हात इतका कापत होता की ग्लास लोखंडावर टणटण टणटण वाजत राहिला. त्या आवाजाने चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"असा," ती म्हणाली. "रोज असाच असतो. रूळ मोकळा होईपर्यंत काढायचा नाही. त्या दिवशीही होता. मी काढला. पाळी बदलली असं समजून मी धुवायला नेला. याच्या डोक्यात काही बिघाड नाही साहेब. हा वर आला तेव्हा खटका उघडाच होता."

झालं. तिला वाटलं होतं तेवढं ती बोलली होती. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. लिहून घेणाऱ्याला थांबायची खूण केली.

"पाळी बदलताना ग्लास कोण काढतं?"

"जाणारा."

"मग तुम्ही का काढलात? जाणारा कुठे होता?"

या प्रश्नाची तिने तयारीच केली नव्हती. इतके दिवस ती स्वतःच्या भीतीत इतकी बुडाली होती की पहिल्या उत्तरामागून दुसरा प्रश्न येईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने दादाकडे बघितलं. आता तोही तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलासारखी नुसती भीती होती.

"मावशी?"

"तो गेला होता," ती म्हणाली. "पगाराच्या खिडकीवर. ती बंद होते म्हणून."

दादाने टोपी काढून हातात घेतली.

जबाबांवर सह्या करायला सगळ्यांना मोठ्या ऑफिसात नेलं. तिथून सुटायला संध्याकाळ झाली. परतीच्या बसमध्ये मावशी चढली तेव्हा एकच जागा रिकामी होती, दादाच्या शेजारची. ती बसली. दादा खिडकीकडे सरकला. कंडक्टर आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की सुनेने हातावर ठेवलेले सुटे पैसे सकाळच्या तिकिटात संपले आणि पाकीट गडबडीत घरीच राहिलंय. ती पिशवी चाचपत राहिली. दादाने न बोलता नोट पुढे केली आणि म्हणाला, "दोन." दिवसभरात तिच्यादेखत तो तेवढंच बोलला. आपल्या थांब्यावर उतरला तेव्हा त्याने मागे वळून बघितलं नाही.

चष्मेवाला जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे, पण वेडा ठरवण्याचं वकिलाने सोडून दिलं. त्याला खटक्यांवर पुन्हा घेतलं नाही, गोदामात बसवलं आहे. दादाला निलंबित केलं, आणि त्याची पेन्शन निकाल लागेपर्यंत अडकली आहे. वहिनी मावशीच्या दारावरून जाते पण वळत नाही. ठेकेदाराने मावशीला कामावरून काढलं. आत टाकलं नाही, मात्र बोलावलं की तिला कोर्टात जावं लागतं, आणि दारावर टकटक झाली की ती अजूनही आधी फटीतून बघते. दादाने तिच्याशी बोलणं टाकलं आहे. एकदा सुनेच्या हाती तिने तिकिटाचे पैसे पाठवले, ते त्याने घेतले नाहीत.

त्या तिकिटाचे अठरा रुपये दादाला देणं बाकी आहे.